गोठा, गोठ आणि गोष्ट

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तिका मराठी करायला आली. शाळा सुटलेल्या, घरात स्वतःला कोंडून घेतलेल्या, कोणाशी फारसे न बोलणाऱ्या मुलांना घोड्यांच्या आणि गाईगुरांच्या देखभालीचे काम देणाऱ्या एका उपक्रमाची ती माहिती होती. भाषा सोपी, वाक्ये लहान. तरी पहिल्याच पानावर 'वेलबीइंग' या शब्दापाशी मी अडले. आरोग्य म्हटले की डॉक्टर येतो, कल्याण म्हटले की सरकार येते, आणि सुख म्हटले की लग्नपत्रिका आठवते. स्वास्थ्य त्यातल्या त्यात जवळचा, कारण त्याच्या पोटात 'स्वतःच्या ठिकाणी असणे' हा अर्थ आहे. पण तो शब्द आता विमा कंपन्यांच्या जाहिरातींनी इतका वापरला आहे की त्याचे पोट कोणाला दिसत नाही.

दुसरी अडचण घोड्याची. मी राहते त्या रायपूरच्या समता कॉलनीत घोडा दिसतो तो वरातीत, बँडच्या पुढे, डोळ्यांना झापडे लावलेला. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली छत्तीसगडात उतरली तेव्हा बारगीर आणि शिलेदार घोड्यांवरूनच आले असतील. पण भातखाचरांच्या या मुलखात चिखल तुडवला तो बैलांनी आणि हल्ल्यांनी. इथल्या मुलाला घोड्यावर प्रेम करायला सांगणे म्हणजे त्याला पाहुण्याशी सोयरीक जोडायला सांगणे.

तिसरी अडचण घरातलीच होती. खालच्या मजल्यावर ताई राहते. तिचा मुलगा, माझा भाचा, पंधरा वर्षांचा. तो चार महिने शाळेत गेला नव्हता. डॉक्टर होते, औषध होते, आठवड्यातून एकदा समुपदेशन होते. तो खोलीतून बाहेर येई, जेवे, परत जाई. मी वर बसून अशाच मुलांबद्दलची पुस्तिका भाषांतरित करत होते आणि खाली तो होता. म्हणून शब्द चुकवून पुढे जाणे मला जमेना. मी मागे, इतिहासात शिरले. आपल्या भाषेत, आपल्या मुलखात, मूल आणि जनावर यांचे नाते काय होते?

सुरुवात पोळ्यापासून करावी लागते. अग्रसेन चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या दिवसांत मातीचे बैल विकायला येतात. चार पायांना चाके, पाठीवर रंगाचे ठिपके. छत्तीसगढीत याला 'नांदिया बइला' म्हणतात. मुलगे बैल ओढतात आणि मुलींसाठी मातीचे जाते, चूल, भांडी अशी खेळणी येतात. सणाचे नाव इथे पोरा, आमच्याकडे पोळा. दिवस एकच, महिना मात्र वेगळा: मराठी पंचांगात ती श्रावणातली अमावास्या, इथल्या पंचांगात भाद्रपदातली. आमचा महिना अमावास्येला संपतो, यांचा पौर्णिमेला, म्हणून एकाच रात्रीला दोन नावे.

विदर्भातून आलेल्या आमच्यासारख्या घरांना ही चाके ओळखीची वाटतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून आणतात, घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी मुलांसाठी सुरू केली असे नागपूरकर मानतात. मातीच्या बैलाचे आणि लाकडी बैलाचे नाते कोणी कोणाकडून घेतले यात नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. माणसे, नोकऱ्या, आगगाड्या इकडून तिकडे जात होत्या. सण त्याहून जुने होते.

पोळ्यात मुलाला काय शिकवले जाते हे नीट पाहिले पाहिजे. आदल्या संध्याकाळी खऱ्या बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात, जिथे जू बसते तिथेच. त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. ज्याच्याकडून काम घेतले त्याची एक दिवस चाकरी करायची, हा करार मूल डोळ्यांनी बघते आणि दुसऱ्या दिवशी लाकडाच्या बैलाशी खेळून तो पाठ करते. पुस्तिकेत यालाच 'जबाबदारीची जाणीव' म्हटले होते.

पण सण वर्षातून एकदा येतो. उरलेले दिवस गुरे कोण राखत होते? मुलेच. ही बाजू विसरून आपण सोबतीच्या गोड कथा सांगू लागलो तर तो खोटेपणा होईल. वऱ्हाड-नागपुराकडे ढोरकी आणि गायकी, देशावर गुराखी, छत्तीसगडात बरदिहा आणि पहाटिया. पहाटिया हा शब्द ऐकला की मराठी कानाला पहाट आठवते, आणि कामही पहाटेच सुरू होई. गावातली बरदी, म्हणजे सगळ्यांच्या गुरांचा कळप, दइहानात गोळा करायची, रानात न्यायची, दिवे लागायच्या वेळी आणायची. मोठा माणूस पुढे असला तरी मागे काठी घेऊन धावणारे पोर असायचेच. दुसऱ्याच्या घरी सालाने गुरे राखणाऱ्या मुलाला भाकरी मिळे, कधी वर्षाचे कपडे मिळत, आणि गुरू शेतात शिरले तर मारही मिळे.

महात्मा फुल्यांनी हे १८८२ मध्ये सरकारदरबारी लिहून दिले. हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी सांगितले की शेतकरी आणि इतर गरीब वर्गांची मुले शाळेत फार काळ टिकत नाहीत, कारण गुरे राखायला आणि शेताकडे बघायला त्यांची गरज असते. म्हणून त्यांना शाळेकडे ओढायला शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, अशी त्यांची सूचना होती. गाय आणि पाटी यांच्यात मुलाची ओढाताण चालली आहे, हे इतक्या स्पष्टपणे आधी क्वचितच कोणी मांडले असेल.

त्यानंतरची कित्येक वर्षे या ओढाताणीचे उत्तर एकाच दिशेने शोधले गेले: मुलाला गुरांपासून सोडवा, शाळेत आणा. उत्तर बरोबरच होते. पण ते सगळ्यांच्या पदरात पडत नव्हते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना पुढे आली. तिने वेगळा प्रश्न विचारला: हाताचे काम शिक्षणाच्या आत आणता येणार नाही का? तिथे चरखा मध्यभागी होता, शेती आणि बागकामही होते. गुरे राखणाऱ्या मुलापर्यंत मात्र हा विचार पोचला तो ठाणे जिल्ह्यात, समुद्राकाठी, दोन बायकांमुळे.

ताराबाई मोडक तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून त्या नावाजल्या होत्या. मॉन्टेसरीची साधने महाग, शहरी, मूठभर मुलांपुरती, हे त्यांना टोचत होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, त्यानंतर स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या. पुढे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले, वारली वस्तीच्या मधोमध.

तिथे आल्यावर कळले की शाळा बांधली तरी मुले येत नाहीत. धाकटे भावंड कडेवर असते, म्हणून पाळणाघर हवे. अंगणात कोंबड्या राखायच्या असतात, म्हणून शिक्षिकेने अंगणातच जायला हवे. आज आपण ज्या शब्दाला सरकारी योजना म्हणून ओळखतो त्या अंगणवाडीचे मूळ इथले आहे. आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी त्यांनी काढली कुरणशाळा. गुरे जिथे चरतात तिथे शिक्षिका जाऊन बसायची. खडे, बिया, पाने, शिंपले ही साधने. गुरे सुटली की मूल धावत जाणार, वळवून आणणार, परत येऊन बसणार. शाळेने त्याच्या वेळेप्रमाणे वाकायचे.

ते कुरण काही निसर्गचित्र नव्हते. त्याच १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या पाठबळाने वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, आणि ऑक्टोबरातला संप गवतकापणीच्या मजुरीवरून होता. ज्या गवतासाठी मोठ्यांनी गोळ्या झेलल्या त्याच गवतात काही वर्षांनी मुले खडे मोजायला शिकत होती. ताराबाई-अनुताईंची वाट लढ्याची नव्हती, त्या शिक्षिका होत्या. पण गुराखी मुलाला त्यांनी दीनवाणा म्हणून पाहिले नाही. शंभर जनावरांतले आपले ओळखणारे, ढग बघून परतायची वेळ सांगणारे मूल अडाणी कसे, हा प्रश्न कुरणशाळेच्या कल्पनेतच आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. कुरणशाळा हा शब्द मात्र आज शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसा कोणाला माहीत नाही.

आता पुस्तिकेच्या मुलखात जाऊन येऊ, कारण तिथली गोष्ट उलट्या दिशेने चालली. इंग्लंडमध्ये यॉर्कला १७९६ मध्ये विल्यम ट्यूक या क्वेकर गृहस्थाने मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' उघडले. साखळदंडांच्या त्या काळात त्याच्या अंगणांत ससे आणि कोंबड्या सोडल्या होत्या. रुग्णाला आपल्याहून दुबळ्या जिवाची काळजी घेऊ दिली तर तो सावरतो, अशी समजूत होती. घोड्याच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा ठरली लिस हार्टेल ही डॅनिश स्त्री. १९४४ मध्ये पोलिओने तिचे गुडघ्याखालचे पाय लुळे झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने ड्रेसाज या अश्वारोहणाच्या प्रकारात रौप्यपदक मिळवले. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला माणूस लागे. घोडा चालतो तेव्हा स्वाराच्या कमरेला जी लय मिळते ती माणसाच्या चालण्याच्या लयीजवळची असते. त्यातून स्नायूंना व्यायाम मिळतो. यावर पुढे उपचारांची एक शाखाच उभी राहिली.

मनाच्या बाजूचे श्रेय न्यूयॉर्कच्या बोरिस लेव्हिन्सन या बालमानसशास्त्रज्ञाला देतात. न बोलणारे एक मूल त्याच्या खोलीत त्याच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी मोकळे झाले, हे त्याने पाहिले आणि १९६२ मध्ये त्यावर लिहिले. आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूस्टर गावी सॅम्युअल रॉस यांनी १९४७ च्या सुमारास एका जुन्या दूधशेतीवर ग्रीन चिमनीज ही निवासी शाळा काढली. पुढे तीच शाळा भावनिक अडचणी असलेल्या मुलांना जनावरांच्या सोबतीने सावरण्यासाठी ओळखली गेली.

दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. ब्रूस्टरला शाळेतली मुले गुरांकडे नेली जात होती. कोसबाडला गुरांमागची मुले शाळेपाशी, किंवा खरे तर शाळा त्यांच्यापाशी, येत होती. एकीकडे गुरे होती आणि गरज नव्हती, दुसरीकडे गरज होती आणि मोकळीक नव्हती. हे लक्षात आल्यावर माझ्या पुस्तिकेतला 'प्राणी मुलांना बरे करतात' हा सूर मला अपुरा वाटू लागला. कारण जनावर दोन्हीकडे तेच आहे. फरक मुलाला त्या कामातून उठून जाता येते की नाही, आणि त्या कामाबरोबर दुसरे काही मिळते की नाही, यात आहे. आपला कायदाही हीच रेघ ओढू पाहतो: २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणे बंद केले, पण शाळेच्या वेळेबाहेर घरच्या कामात मदत करायला मोकळीक ठेवली. रेघ कागदावर सरळ दिसते. गोठ्यात ती शेणात बुडते.

हे मला कळले ते खारून नदीच्या बाजूच्या एका खटालात. आमच्याकडे दूध आणणारे गृहस्थ एकदा आजारी पडले. दूध आणायला मी स्कूटरवरून निघाले आणि भाचा न सांगता मागे बसला. का, ते मी विचारले नाही. खटालात बारा-तेरा म्हशी, पैऱ्याचा ढीग, म्हणजे भंडारा-गोंदियाकडचे तणस, आणि ढेपेचा वास. आम्ही दारात नुसतेच उभे. म्हातारे कका म्हणाले, "पहिली पानी पिया दे, गोठ पाछू करबो." आधी पाणी पाज, बोलणे मागाहून करू. त्यांनी बादली त्याच्याकडे सरकवली होती, माझ्याकडे नाही. त्यांना तो आजारी आहे हे माहीत नव्हते, आणि मी सांगितले नाही.

तो दुसऱ्या दिवशी सायकलने गेला. मग तिसऱ्या. मी यातून काही सिद्ध झाले असे म्हणत नाही. औषध चालूच होते. पण तिथे काय घडते ते मी पाहिले, आणि ते कामाच्या रीतीतच आहे. म्हैस परक्याला पान्हा चोरते. धसमुसळा हात, चढा आवाज, घाई यांपैकी काही जाणवले की ती दूध वर ओढते. पारडू आधी लावावे लागते, सडांना हात सावकाश लावावा लागतो. म्हणजे तिने सैल व्हावे यासाठी आधी आपण सैल व्हायचे. 'शांत हो' असे भाच्याला दिवसातून दहा जण सांगत. म्हैस ते सांगत नव्हती, तिला त्याची गरज होती. शिवाय ती त्याच्याकडे बघत नव्हती. दोघांची तोंडे एकाच दिशेला. बोलायचे तर बोला, नाहीतर धारेचा आवाज आहेच.

तो तिथे बोलू लागला. आमच्याशी नंतर, आधी ककांशी, आणि तेही छत्तीसगढीत, जी घरी कोणी बोलत नाही. तेव्हा ककांचा तो शब्द माझ्या डोक्यात वाजला. संस्कृतात गोष्ठ म्हणजे गाई बांधायची जागा. तिथे जमणारी मंडळी ती गोष्ठी, आणि मग त्यांचे बोलणे तीही गोष्ठी. मराठीने पहिल्यावरून गोठा घेतला आणि दुसऱ्यावरून गोष्ट. छत्तीसगढीत गोठ म्हणजेच बोलणे, गोठियाना म्हणजे गप्पा मारणे. माणसे जनावरांच्या आसऱ्याने बोलायला बसत, हे शब्दांनी आपल्याआधी टिपून ठेवले आहे.

पण खटालात आणखी एक मुलगा होता. ककांचा नातू, भाच्याच्याच वयाचा. तो चारला उठे, शेण काढे, आठ घरी दूध पोचवी आणि मग शाळेत जाई. त्याला हा गोठा सोडायचा होता. एकदा तो माझ्या समोरच म्हणाला, "एला मजा आथे. मोर इसकूल के बेरा हो जाथे." याला मजा येते, माझी शाळेची वेळ होऊन जाते. फुल्यांचे १८८२ चे निवेदन बादली हातात घेऊन उभे होते. माझा भाचा ज्या कामात स्वतःला परत शोधत होता, त्याच कामातून बाहेर पडायची वाट तो दुसरा शोधत होता. ज्याला आपण उपचार म्हणत होतो त्याचे मोल तो रोज झोपेने चुकते करत होता.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ नव्हतेही. भाच्याने ते ऐकले होते. पुढच्या आठवड्यापासून तो साडेचारला निघू लागला. ताई घाबरली, मग तिने डबा द्यायला सुरुवात केली. सकाळचे शेण आणि पाणी त्याच्याकडे आले आणि ककांचा नातू सहाला अभ्यासाला बसू लागला. ही मैत्री झाली असे मी म्हणणार नाही. दोघे एकमेकांशी मोजकेच बोलतात. पण अर्धवार्षिक परीक्षेआधी नातवाने त्याला गणिताची वही दिली, 'तू पण बघ' म्हणून. भाचा आता आठवड्यातून तीन दिवस शाळेत जातो. उरलेल्या दिवसांचे काय, ते आम्हाला अजून माहीत नाही.

पुस्तिका मी वेळेत दिली. 'वेलबीइंग'ला शेवटी स्वास्थ्यच लिहिले, दुसरा शब्द सापडला नाही. पण जिथे मूळात 'जनावरे मुलांना मदत करतात' असे होते तिथे मी संपादकांना विचारून 'मुलांना जनावरांची मदत करू दिली जाते' असे केले. त्यांनी ते ठेवले.

यंदाच्या पोळ्याला भाच्याने चौकातून दोन नांदिया बैल आणले. एक घरी ठेवला, दुसरा खटालाच्या भिंतीवर. ककांचा नातू तो बघून हसला. म्हणाला, "आमच्याकडे बैल कुठे आहेत? म्हशी आहेत. त्यांचा सण कधी असतो?" याचे उत्तर दोन्ही पंचांगांत नव्हते. भाच्याने हळद-तूप मागितले आणि म्हशींच्या खांद्यांना लावले. त्यांच्या खांद्यावर कधी जू नव्हते. तरी त्या उभ्या राहिल्या.